इंग्रजी निबंधातली माय

माय,

लातूरच्या स्टँडवर शनिवारी आपण दोघी बसायचो, ते आज सकाळपासून डोळ्यांसमोर आहे. औशाची गाडी लागायची, तू उतरायचीस, आधी डोक्यावरचा पदर सारखा करायचीस आणि मग मला शोधायचीस. शनिवारी शाळा अर्धा दिवस असे. बोर्डिंगच्या सिस्टर मला दुपारी थोडा वेळ बाहेर सोडत. रसवंतीच्या मागच्या सावलीत तू फडकं सोडायचीस. धपाटे, गाडग्यातलं दही, शेंगदाण्याची चटणी. मी खायची आणि तू नुसती बघत राहायचीस. माझं पोट भरलं की म्हणायचीस, "हां, आता बोल की इंग्लिस." मी विचारायची, काय बोलू? "काय बी बोल. मला कुठं कळतंय." मग मी सकाळची प्रार्थना म्हणायची, ती संपली की भूगोलाचा धडा. तू डोळे मिटून ऐकायचीस. एकदा शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "काय म्हणून राहिली वं तुमची लेक?" तू बेधडक सांगितलंस, "देवाचं म्हणून राहिली." मी तेव्हा युरोपातल्या नद्यांची नावं घेत होते.

तुला हे लिहायचं कारण असं, की तुझ्या पणतीला प्रवेश मिळाला. माझ्या मुलाची मुलगी; तू तिला पाहिलं नाहीस, ती तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी जन्मली. अमेरिकेतलं एक विद्यापीठ आहे, संशोधनासाठी नावाजलेलं. जगभरातून मुलं अर्ज करतात आणि ते अगदी मोजक्यांना घेतात. तिला घेतलं. शिकण्याचा, राहण्याचा सगळा खर्च ते करणार. निकाल आला तेव्हा ती फोन हातात धरून स्वयंपाकघरात आली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. मला वाटलं, नाही झालं. मी पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "असू दे गं." तर ती हसतच सुटली. "आज्जी, झालंय!"

माझा मुलगा त्याच पावली जाऊन पेढे घेऊन आला. पण गंमत ऐक. इथं नांदेडला काय नि लातूरला काय, ॲडमिशन म्हटलं की लोकांना एकच ठाऊक. नीटचे मार्क, मग गव्हर्मेंट कॉलेज. गव्हर्मेंटला नंबर लागला नाही की प्रायव्हेट, आणि प्रायव्हेट म्हणजे डोनेशन. तेव्हा मी आनंदानं सांगायची, प्रायव्हेट युनिव्हर्सिटी आहे, आणि समोरच्याचा चेहरा उतरायचा. आमच्या शेजारच्या काकूंनी पेढा घेतला, कपाळाला लावला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "नीटची परीक्षा तर होऊ द्या हो ताई. गव्हर्मेंटला नाही लागला तर नाही लागला. पोरगी हुशार हाय तुमची. एक वर्ष रिपीट करायचं असतं." मी म्हटलं, अहो, ते पैसे घेत नाहीत, उलट देतात. "मग नंबर कशावर लावला?" मी म्हटलं, तिचे मार्क बघितले, तिनं केलेलं काम बघितलं, आणि निबंध लिहून घेतला. काकूंनी आतल्या खोलीकडे मान वळवून नवऱ्याला हाक दिली, "अहो, ऐकलं का, निबंधावर ॲडमिशन झाली म्हणं!" काका आतूनच म्हणाले, "मग आपल्या बंटीचं काय खरं नाही." संध्याकाळपर्यंत गल्लीतून आणखी दोघी आल्या. पेढे संपले, पण अभिनंदन कुणी केलं नाही. सगळ्यांनी धीर दिला.

नात हे ऐकून हसली. तिचा बाप मात्र हसला नाही. दोन वर्षं त्यानं तिला नीटच्या क्लाससाठी लातूरला ठेवलं होतं, माय, आपल्या त्याच लातूरला. आता तिथं गल्लोगल्ली मेस आणि अभ्यासिका झाल्या आहेत. गावोगावच्या आया एकेक खोली करून राहतात, पोरांसाठी भाकऱ्या थापतात. माझी सूनही तशीच राहिली. क्लासचे सर म्हणत होते, हिची मेडिकलची सीट पक्की समजा. अमेरिकेचा अर्ज तिनं बापाला विचारूनच केला होता. त्यानं करू दिला, कारण होईल असं त्याला वाटलं नव्हतं. आता झालं. नीटची परीक्षा व्हायच्या आधीच त्यांना हो किंवा नाही कळवायचं होतं.

तिला डॉक्टर व्हायचं नाहीये. जमीन का हलते ते तिला शिकायचंय. लहान असताना ती माझ्याजवळ झोपायची आणि मी तिला तुझ्या गोष्टी सांगायची. किल्लारीच्या भूकंपानं आपलं अर्धं गाव पडलं. तू वाचलीस, पण त्यानंतर छताखाली झोपली नाहीस. पत्र्याच्या शेडपुढं अंगणात बाज टाकायचीस आणि उशाशी पितळी घागर ठेवायचीस. घागरीवर ताटली, तीही मुद्दाम तिरकी. जमीन जराशी थरथरली तरी ताटली वाजावी आणि तुला जाग यावी. मी माहेरी आले की चिडायची. "माय, ती ताटली मांजरानं पण वाजते." तू म्हणायचीस, "वाजू दे की. मांजर तर मांजर. उठून बघायला काय जातंय?" ही गोष्ट पोरीनं मला किती वेळा सांगायला लावली. नंतर इथं नांदेडलाही अधूनमधून जमिनीतून गूं गूं आवाज यायला लागले, मांडणीवरची भांडी वाजायला लागली. सगळे बाहेर पळायचे आणि ही चप्पल काढून फरशीवर अनवाणी उभी राहायची. "आज्जी, अजून येतंय बघ. पायाला लागतंय."

त्यावरच तिनं तो निबंध लिहिला. त्यांनी विचारलं होतं, तुझ्या घराबद्दल सांग. तिनं तुझ्याबद्दल सांगितलं. पाठवण्याआधी मला वाचून दाखवला, इंग्रजीतून. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, माय, पण त्या दिवशी चूक शोधायचं भानच राहिलं नाही. त्या परक्या वाक्यांमधून तू चालत आलीस. पदर सारखा केलास, घागरीवर ताटली ठेवलीस, बाजेवर बसलीस. मला तुझी इतकी आठवण आली की मी उठून नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली.

निकालानंतर आठवड्याभरानं मुलगा सकाळी माझ्यापाशी येऊन बसला. चहा घेतला, पण पेपर उघडला नाही. म्हणाला, "आई, तू सांग तिला. तुझं ऐकते ती. एवढं हातातोंडाशी आलेलं सोडून कुठं जायचं? इथं डॉक्टर झाली तर इथंच राहील. तुझ्याजवळ राहील." तुझ्याजवळ, एवढंच तो हळू बोलला. ते तो माझ्यासाठी बोलत होता की स्वतःसाठी, मी विचारलं नाही. त्याचंही पोर आहे ते. मी म्हणाले, बोलते.

त्या दिवसभर मला तूच आठवत राहिलीस. बोर्डिंगमध्ये नवी नवी होते तेव्हा एकदा मी सिस्टरांना न सांगता औशाच्या गाडीत जाऊन बसले होते. कंडक्टर आपल्या ओळखीचा, त्यानं तिकीटही विचारलं नाही. तू वेशीजवळ काटक्या गोळा करत होतीस. मी धावत येऊन तुला मिठी मारली, तर तू माझे हात सोडवलेस. घरी नेलं नाहीस, पाणी दिलं नाहीस. परतीची गाडी येईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभी राहिलीस. मी रडत होते आणि तू म्हणालीस, "रडायचं तर तिथं जाऊन रड. हितं रडलीस तर मला ठेवून घ्यावं वाटंल." चुलते तुला तेव्हा रोज टोचत होते, पोरगी फिरंग्याच्या शाळेत घालून काय कलेक्टर करती का म्हणून. ते मला पुढं कळलं. तुझं ते वाक्य मात्र मी कितीतरी वर्षं अर्धंच लक्षात ठेवलं होतं, पहिलं अर्धं. दुसरं अर्धं मला या चैत्रात ऐकू आलं.

संध्याकाळी नात ओट्यावर बसून कैरी खात होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "पप्पांनी पाठवलंय ना तुला?"

"हो."

"मग म्हण. जाऊ नको म्हण."

"म्हटलं तर राहशील?"

तिनं कैरीला मीठ लावलं आणि बराच वेळ लावत राहिली. "तू म्हणालीस तर राहीन, आज्जी. म्हणूनच म्हणू नको."

माय, तुझ्यासारखं हात सोडवणं मला जमलं नाही. मी तिच्या शेजारी उभी राहून कैरीची एक फोड उचलली. फार आंबट होती. म्हणाले, "जा. आणि तुझ्या बापाला मी सांगते." ती खाली उतरली, मिठाच्या हातानंच मला घट्ट धरलं. मग तिनं फोन घेतला आणि तिथंच उभ्या उभ्या हो कळवून टाकलं. रात्री मुलगा जेवला नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून एक भली मोठी बॅग घेऊन आला, चाकं फिरवून बघत बसला आणि म्हणाला, "हिच्यात बरंच बसेल."

श्रावणात ती निघेल. आधी चार वर्षं, मग संशोधन, मग कोण जाणे. माझं वय बघता काही गोष्टी सांगून ठेवायला हव्यात, आणि सगळ्यांच्या आधी तुला सांगाव्या असं वाटलं. तुला वाचता येत नव्हतं. बोर्डिंगमधून मी लिहायची ती पत्रं गुरुजी तुला पारावर वाचून दाखवत, म्हणून त्यात मी खुशालीशिवाय काही लिहिलंच नाही. हे कुणी वाचून दाखवणार नाही आणि हे कुठं टाकायचंही नाही, तेव्हा मोकळेपणानं लिहिते.

तुझं हिरवं इरकली लुगडं औशाच्या वहिनीला द्यायचं. शेवटच्या आजारात तुझी वेणी तिनं घातली होती. तुझ्या चांदीच्या वाक्या सुनेला. लातूरच्या त्या खोलीत तिनं दोन उन्हाळे काढले, कुरकुर केली नाही. माझी इंग्रजीची पुस्तकं आपल्या कॉन्व्हेंटला, त्यांना नको असतील तर गल्लीतल्या अभ्यासिकेला. मुलाला त्याच्या वडिलांचं घड्याळ. ते बंद आहे, पण त्याला हवंय. आणि तुझी बोरमाळ नातीला. सुनेला मी बजावून ठेवलंय, ती कुरिअरनं पाठवायची नाही, कुणा जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हातीही द्यायची नाही. पोरीनं स्वतः यायचं, या घरात बसायचं, जेवायचं आणि मग घ्यायची. सून म्हणाली, "बरोबर आहे आई, सोनं आहे, वाटेत गहाळ झालं तर?" मी मान डोलावली.

सोन्यासाठी नाही गं, माय.