ओला टॉवेल

प्रिय ठके,

हे पत्र हाताने लिहितेय, फोनवर नाही. हसू नकोस. वास घेतल्याशिवाय ही दूधसुद्धा तापवत नाही, असं तुझा बाप माझ्याबद्दल जगाला सांगत फिरतो. पण या खेपेला माझ्या संशयाला कारण आहे. भाऊ असला तरी त्याला यातलं अक्षर सांगितलेलं नाही.

छापखान्यात सगळं ठीक. मालक आणि कागद कापायचं मशीन, दोघंही पूर्वीसारखेच कुरकुरतात. मागच्या आठवड्यात एक अहवाल संगणकावर पानं लावायला माझ्याकडे आला. तरुण मुलं सोशल मीडियावर जे लिहितात, त्यावरून त्यांच्या मनाचं दुखणं वेळेत कसं ओळखावं, असा विषय. घेऊन आलेल्या संशोधक बाई फार गोड बोलणाऱ्या, आणि मला गोड बोलणाऱ्यांचा आधीच धसका. म्हणाल्या, नावं, गावं, फोटो, सगळं काढून टाकलंय. आता कोण कुठलं ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. म्हटलं, बघू.

पानं लावताना मी मजकूर वाचत नाही, ओळ कुठे तुटते तेवढं बघते. पण मुलांची वाक्यं चौकटीत टाकायची होती, जशीच्या तशी. एका चौकटीपाशी माझा हात माऊसवरच थांबला. ‘पोटात ओला टॉवेल. पिळून देणारं इथे कुणी नाही.’

ठके, लहानपणी शाळेत जायचं नसलं की बूट घालून दारात उभी राहून तू हेच म्हणायचीस. मग मी तुझ्या पोटापुढे हवेतल्या हवेत टॉवेल पिळायचे, झटकायचे, वाळत घालायचे, तेव्हा कुठे तू हसून निघायचीस. दुसऱ्या कुणाच्या पोटात टॉवेल असल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तरी वाटलं, असेल योगायोग. म्हणून ते वाक्य फोनवर शोधलं. पहिल्याच फटक्यात तुझं खातं पुढ्यात. पाठमोरा फोटो, खांद्यावर मी शिवलेली निळी पिशवी. पुढे काही वाचलं नाही. मोह झाला, खोटं कशाला बोलू; पण फोन पालथा घातला आणि बेसिनपाशी जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी बाईंना म्हटलं, हे वाक्य काढा. त्या म्हणाल्या, खातं सगळ्यांना खुलं आहे, नियमात बसतं. मी म्हटलं, “दार उघडं दिसलं म्हणून सरळ आत शिरता का? निदान हाक तरी मारता ना?” त्यांनी हळूच विचारलं, तुमच्या ओळखीचं आहे का कुणी? मदतीसाठी विचारलं की टिपून ठेवायला, मला कळेना. हो म्हटलं असतं, तर तुला मीच पकडून दिलं असतं. म्हटलं, तुम्हीच एखादं वाक्य शोधून बघा. त्यांनी भलतंच एक निवडलं, आणि फोनवर कुणाचा तरी पोरगा नावानिशी हजर. बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. सगळ्या चौकटी परत घेऊन गेल्या. आता आधी मुलांना विचारणार, आणि हो म्हणतील त्यांचंही शब्द बदलून छापणार म्हणे. बाई वाईट नाहीत. मुलं कोलमडायच्या आत कळावं म्हणूनच त्यांचा खटाटोप. पण नवी पानं आली की एकूण एक ओळ मी शोधून बघणार आहे.

त्या तुलाही विचारतील. हो म्हण, नाही म्हण, तुझी मर्जी. मी लिहितेय ते वेगळ्याच कारणाने. ते वाक्य माझ्यासाठी नव्हतं आणि मी वाचलं, हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं. दर फोनवर तू ‘मजेत’ म्हणतेस, आणि दुधावर विश्वास न ठेवणारी मी त्यावर ठेवत आले. बॅग भरून ठेवली आहे. पण न विचारता येणार नाही. येऊ का?

तुझीच,
जिला अजून पिळता येतं अशी,
आत्या