जीपचा उजवा दिवा

आलापल्ली, १४ डिसेंबर १९५६

जीपचा उजवा दिवा रस्ता सोडून वरच बघतो, म्हणून संध्याकाळी कुंपणाच्या भिंतीवर खडूची रेघ मारून तो खाली करायला बसलो. स्क्रू उलटा फिरला. उजेड भिंतीवरून शेजारच्या आंब्यावर चढला. फांदीवर त्या घरचे नामदेवभाऊ, तोंडात बिडी. बायकोपुढे शपथ घेऊन सोडलेली ती बिडी.

"दिवा खाली घ्या ना भाऊ," ते हळूच म्हणाले.

स्क्रू अडकला. सरळ दिवाच बंद करायचं मला का सुचलं नाही? तेवढ्यात त्यांची बायको अंगणात आली.

"काऊन चढले वर?"

"बिबट आला होता."

"मंग बिडी त्याच्यासाठी पेटवली काय?"

नामदेवभाऊ उतरले. बाई माझ्याकडे वळल्या. "भाऊ, हा दिवा असाच राहू द्या."

उद्या ह्याच जीपनं एटापल्लीला जायचं आहे, आणि दिवा अजून आंब्याकडेच. बंद का नाही केला मी दिवा?