उघाडीचा भोंगा

बाबा, आज आणखी एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, सर्किटचे आराखडे काढायचं. रविवारची अख्खी सकाळ त्यात घातली आणि संध्याकाळी काढूनही टाकलं. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात कॉम्प्युटर नव्हता, त्यामुळे हे तुम्हाला कसं सांगावं तेच कळत नाही. पेणच्या बाजारात पेन्सिल घ्यायला जावं, दुकानदाराने आधी आपलं नाव-गाव विचारावं आणि वर म्हणावं की चित्रं काढा, पण ती राहतील माझ्याकडेच, असा एक प्रकार आहे. दुसरं फुकट आहे, चांगलं आहे म्हणतात, पण एवढं अवाढव्य की साधा रेझिस्टर शोधेपर्यंत माझा चहा गार झाला. तिसऱ्यात सगळे भाग खऱ्यासारखे दिसतात, तारा रंगीबेरंगी, लहान मुलांच्या पुस्तकात असतात तशा. मी भाळून आधी तेच घेतलं आणि तिथेच फसले.

रोह्याला कंपनीत मी इन्स्ट्रुमेंट खात्यात आहे. तिथे आराखडे तयार येतात, आपण फक्त दुरुस्त करायचं. हे घरचं काम, शिफ्ट संपल्यावरचं, हौसेचं. हौसेचं म्हणते खरी, पण या वेळी हौस कसली! हे धाकटीसाठी चाललंय. तुम्ही तिला धरमतरच्या बाजूला दिलीत. तिचं भातशेत खाडीच्या बांधाला लागून आहे, आणि भरतीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून बांधात फळ्यांची झडप आहे, तिला तिकडे उघाडी म्हणतात. एखादी फांदी, एखादी प्लॅस्टिकची गोणी झडपेत अडकली की ती नीट मिटत नाही आणि शेतात खारं पाणी शिरतं. मग दोन-तीन वर्षं भाताचं नाव नको. तिचा नवरा बार्जवर, महिन्यातले निम्मे दिवस घरी नसतो. म्हणून उधाणाच्या रात्री ही एकटी टॉर्च घेऊन बांधावरून उघाडी बघायला जाते. गेल्या पावसाळ्यात पाय घसरून चिखलात कमरेपर्यंत रुतली. शेजारणीने हाक ऐकली म्हणून निभावलं. तेव्हा मी कबूल केलं की आतलं पाणी चढायला लागलं की तुझ्या घरात भोंगा वाजेल असं यंत्र करून देते.

आराखडा करायला बसले आणि हात तुमच्यासारखाच चालला. तुमचं दुकान डोळ्यांसमोर आहे. टीव्ही मांडीवरच्या जुन्या उशीवर पालथा पडलाय, मागचं झाकण काढलेलं, आणि तुम्ही बिस्किटाच्या पुड्याच्या पुठ्ठ्यावर सर्किट काढताय, जसं सोल्डरच्या बाजूने, म्हणजे बोर्डाच्या मागून दिसतं तसं. मी आयटीआयच्या पुस्तकातलं बघून एकदा समोरून काढलं, तर तुम्ही पेन्सिल काढून घेतलीत. म्हणालात, "पुढून बघायला गिऱ्हाईक हाय. आपल्याला मागून बघायचाय." मला ओरडा बसला म्हणून आईने आतून पोह्यांची बशी पाठवली होती, तीही तुम्हीच संपवलीत. त्या दिवसापासून चिपचे पाय मी मागूनच मोजते. पुस्तकातलं समोरचं चित्र दिसलं तरी मनात आधी उलटं करून घेते.

तर पाण्याची पातळी ओळखणारी आठ पायांची चिप त्या रंगीबेरंगी सॉफ्टवेअरच्या यादीत नव्हती. मग तिचं चित्र मीच केलं. सॉफ्टवेअरला वाटतं आपण वरून बघतोय, आणि मी बघत होते मागून. डावे पाय उजवीकडे गेले. बोर्ड छापून आला, सुंदर, हिरवागार. मी सोल्डर केलं, वीज दिली आणि चिपला बोट लावलं तर चटका बसला. त्या दिवशी मला तुमचा राग आला, बाबा. इतकी वर्षं झाली आणि अजून तुम्ही माझा हात धरून रेघ ओढताय, असं वाटलं. मग स्वतःचा आला, कारण वेळ होता, तपासायला हवं होतं.

तेव्हापासून हे सॉफ्टवेअर नको, ते बघू, असं चाललंय. परवा धाकटीचा फोन आला. मी तिला सांगत होते, यात हे नाही, त्यात ते नाही. तिने ऐकून घेतलं. तिला त्यातलं काय कळणार! मग म्हणाली, "ताय, तुझा भोंगा लागला का मी उधाणाला निवांत झोपन गो. लग्न झाल्यापासून झोपली नाय मी."

मी बरं म्हणून फोन ठेवला. तुमच्या हातचा टीव्ही पुन्हा बिघडला तर गिऱ्हाईक शिव्या देत परत यायचं, तुम्ही हसून चहा सांगायचात, फार तर त्याची एखादी मालिका चुकायची. इथे भोंगा एकदा वाजला नाही तर ती झोपून राहील, आणि सकाळी शेतात खाडी असेल. आणि भोंगा दिला नाही तर ती बांधावर जाणार. मला भीती वाटते, बाबा. कुठल्या बाजूने बघावं तेच कळत नाही.

हे मी तुम्हाला कुठे पाठवणार, म्हणून एक सांगून टाकते. सॉफ्टवेअर केव्हाच ठरलंय. ते अवाढव्य फुकटचंच घेतलं, चिपचे पाय वरून मोजले, पुन्हा पुन्हा तपासले. दुसरा बोर्ड येऊनही बरेच दिवस झाले. बालदीत पाणी ओतून बघते, भोंगा दर वेळी वाजतो. धाकटीला मात्र अजून ठरत नाही म्हणून सांगतेय, आणि ते खोटं पडू नये म्हणून दर रविवारी एक नवीन उतरवून घेते. उद्या अमावास्या आहे, उधाणाची रात्र. ती टॉर्च घेऊन बांधावर जाईल, आणि भोंगा इथे माझ्या कपाटात आहे.