चौदा दिवसांचं छत

२ फेब्रुवारी, सोमवार

ओतलं एकदाचं! पाळणाघराचं छत, भुरभुरत्या बर्फात. मिश्रण माझं – सिमेंट कमी, वीजकेंद्राची राख जास्त. राखेचं काँक्रीट आकसतं कमी, पण बळ धरायला वेळ घेतं, थंडीत तर आणखीच. मिझोगुची साहेब म्हणाले, "तुझ्यासारखंच, आळशी!" म्हणू देत.

त्याच काँक्रीटचे चाचणीसाठी सहा सिलिंडर ओतून छताशेजारी उघड्यावर ठेवले. छताला जेवढी थंडी, तेवढीच त्यांना. ते फोडून ताकद कळली की मगच खालचे टेकू काढायचे.

७ फेब्रुवारी

स्वप्नात मी छतासारखीच ओल्या गोणपाटाखाली निजले होते आणि हळूहळू दगड होत होते. छान वाटत होतं. उठावंसंच वाटेना.

११ फेब्रुवारी

साइटवर पहारेकरी तोगाशी आजोबांनी भाजलेलं रताळं हातात कोंबलं. "खा गं पोरी. काँक्रीटकडे बघून पोट भरतं का?" त्यांची नात एप्रिलपासून इथेच येणार. दहादा सांगून झालंय.

१६ फेब्रुवारी, सोमवार

तीन सिलिंडर फोडले. ताकदीचे चोवीस मेगापास्कल हवे होते, सत्तावीस आले! या थंडीत! साहेबांनी सही केली. शुक्रवारी टेकू निघणार. बस सोडून बर्फातून चालतच घरी आले, गाणं म्हणत.

१७ फेब्रुवारी

आजोबांना बातमी सांगितली. खूश झाले. "येणारच! रोज संध्याकाळी आत आणून शेगडीपाशी ठेवायचो त्या सिलिंडरांना. सकाळी परत बाहेर. कुडकुडत होते बिचारे!"

मी चहा पीत राहिले. छताला कुठली आलीय शेगडी! सत्तावीस शेगडीचे. छताचे किती, देव जाणे.

साहेबांना सांगितलं तर म्हाताऱ्याची नोकरी जाईल. आधी त्यांनाच समजावायला हवं. पण कसं? शुक्रवारला अवकाश आहे.

१८ फेब्रुवारी

साहेबांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले. भित्री कुठली! उद्या नक्की. खिडकीबाहेर मोठाले, सावकाश पडणारे हिमकण. बघतच बसले.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

कामगारांनी टेकू आज सकाळीच काढले – एक दिवस आधी. वर रात्रभरचा बर्फ. छत मधोमध वाकलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तडा. कोणाला लागलं नाही. सगळं पाडावं लागणार.

साहेबांनी सिलिंडरचं विचारलं. आजोबांनी लगेच शेगडीचं सांगितलं, आणि सगळ्यांसमोर कमरेत वाकून माफी मागितली. किती वेळ वाकलेलेच होते. मी शेजारीच उभी होते.

मला मंगळवारपासून माहीत होतं, हे मी बोलले नाही.