ताईच्या लिंबाचं अजीर्ण

ती. ताईस,

ढब्बूचा साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नसल्यामुळे आठातली दोन अंगं वजा धर). तुझी कंबर कशी आहे? भाची, जावई आणि त्यांचं पिल्लू मजेत असतीलच. तू तिथे असताना मजेत नसण्याची त्यांची काय बिशाद. खोली मोकळी कर आणि कपाट इकडे पाठव, आता मी इथेच राहीन म्हणते, हे तुझं पत्र पोचलं. त्याचं उत्तर शेवटी देतो. आधी तुझ्या लिंबाच्या झाडाचं सांगायला हवं, कारण ते आजारी आहे आणि गुन्हेगार मी आहे.

जाताना तू बजावलं होतंस, महिन्यातून एकदा चमचाभर खत, जास्त नाही. तू महिन्यासाठीच गेली होतीस, त्याला आता चौदा महिने झाले. खरं तर माझ्या हातून चूक व्हायला नको. बावीस वर्षं मी प्रयोगशाळेत रोपांच्या बादल्यांमध्ये अमोनियमचं पाणी थेंब मोजून घालतोय, आणि थेंब जास्त पडला तर आमच्या बाई (म्हणजे साहेबच) चष्म्यावरून नुसत्या बघतात. पण घरी बाई नसतात ना. तुझी आठवण आली की मी गॅलरीत जायचो. तिथे नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही (समोरचा शिंपी सुई थांबवून बघतो), म्हणून झाडाला चमचाभर अमोनियमचं खत घालायचो. आता किती चमचे पडले असतील ते तूच बघ.

सुरुवातीला पानं इतकी हिरवीगार झाली की मी शिंप्यासमोर मिरवून घेतलं. मग नवी पालवी थांबली, पानांच्या कडा करपल्या. कुंडी आडवी करून बघितलं तर मुळं आखूड, तपकिरी, टोकं जळाल्यासारखी. बाईंना विचारलं (झाड एका मित्राचं आहे असं सांगून). त्या म्हणाल्या, बावीस वर्षं आमच्याकडे काम करून तुमच्या मित्राला एवढंही कळू नये?

पुढचं त्यांनी सांगितलं ते मला पाठच होतं. खतातला नायट्रोजन नायट्रेटच्या रूपात आला तर तो झाडाला साठवता येतो, पानांपर्यंत नेऊन सवडीने वापरता येतो. अमोनियमचं तसं नाही. ते बहुतेक मुळातच, आल्या आल्या निस्तरावं लागतं. पानांनी वरून साखर धाडायची, तिच्यातून निघालेल्या मालाला मुळाने अमोनियम बांधायचं, त्याचं अमिनो आम्ल झालं की वर पाठवायचं. नुसतंच साचलं तर ते विष. आणि येतच राहिलं तर पानांची सगळी शिदोरी मुळांतच संपते, वाढायला काही उरत नाही. शिवाय अमोनियम आत घेताना मूळ बाहेर आम्ल सोडतं, म्हणजे भोवतालची मातीही आंबट.

हे ऐकताना मला आपण दोघं आठवलो. आई गेली तेव्हा तू सगळं घर सांभाळलंस, आल्यागेल्याला चहा केलास, आणि रडलीस पुढच्या वर्षी, भांडी घासताना. मी मात्र दारातच बसकण मारली होती. तुला साठवता येतं, मला नाही. आलेलं तिथल्या तिथे कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझं भागत नाही, आणि ते कुणीतरी पन्नास वर्षं तू होतीस. हल्ली मी शिंप्यावर खेकसतो, दूधवाल्याशी बोलत नाही. माझ्या भोवतालची माती आंबट झाली आहे, ताई. तुझ्याशिवाय मला करमत नाही.

असो. झाड अत्यवस्थ आहे. असल्या दुखण्याला तुझाच हात लागतो, तेव्हा मिळेल त्या गाडीने निघ.

तुझा (बावन्न वर्षांचा)
ढब्बू

ता. क. खरं सांगायचं तर दोन महिन्यांपूर्वीच मी कुंडीतून बादल्याच्या बादल्या पाणी सोडून सगळं खत धुऊन काढलं. पांढरी मुळं फुटली आहेत, सतरा कळ्या आल्या आहेत. पण कुणी आजारी असल्याशिवाय तू घराबाहेर पाऊल टाकत नाहीस, म्हणून वरचं सगळं तसंच ठेवलं.

आणखी एक ता. क. कपाटाचं उत्तर राहिलंच. ते पाठवता येणार नाही. दारातून निघत नाही, मी स्वतः टेप लावून मोजलं. (चार बोटं जागा उरते, ताई.)