संमतीचे दोन गुण

बोगद्याचा कॅम्प, अरुणाचल
३ ऑगस्ट २०२४

ती. रोझीताईस,
केल्विनचा सप्रेम जय ख्रिस्त. वि. वि.

पत्र बघून हसली असशील. काय करू, इथे रेंजच नाही. शनिवारी रेशनचा ट्रक खाली जातो, तोच डाक नेतो. आणि रेंज असती तरी पप्पा फोनवर थोडेच येणार होते? दीड वर्षात त्यांनी माझं नावसुद्धा घेतलं नाही असं तूच सांगितलंस.

बातमी अशी की मी डॉक्टर झालो. कॅम्पचा कंपाउंडर बहिणीच्या लग्नाला गेला तो तिकडचाच झाला. साहेबांनी हजेरीच्या वेळी विचारलं, रक्ताला कोण घाबरत नाही? मी नेमका तेव्हाच रजा मागायला हात वर केलेला. झालं! आठवी पास माणसाला पांढरा कोट, दवाखान्याची चावी आणि एक टॅब मिळाला. टॅबमध्ये चौसष्ट व्हिडिओ. खरं तर ते डॉक्टरकीच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांसाठी आहेत, सगळे इंग्रजीत. विरारच्या फुलपाड्याचा चंद्रहास इथे सर्व्हेवर आहे, तो मला अर्थ सांगतो.

प्रत्येक व्हिडिओत एक बाई आधी हात धुते. मग पेशंटला स्वतःचं नाव सांगते, त्याचं नाव आणि जन्मतारीख विचारते. मी आता अमुक करणार आहे, थोडं दुखेल, चालेल का? तो हो म्हणाला तरच हात लावते. शेवटी पांघरूण घालते आणि आभार मानते. खाली गुण येतात. हात धुण्याचा एक, नाव-तारखेचे दोन, संमतीचे दोन, पांघरुणाचे दोन. खऱ्या कामाला एकच! म्हणजे मी अभ्यास न करता सात गुणांचा धनी.

काल ड्रिलवाल्याचा अंगठा चेमटला. मी हात धुतले, नाव सांगितलं, जन्मतारीख विचारली. तो बोंबलत म्हणाला, आईला विचार. आई झारखंडात! मी थांबलो, उगाच दोन गुण का घालवा? तेवढ्यात त्याने स्वतःच गमछा बांधला आणि मला शिवी हासडून निघाला. मी मागून आभार मानले. (घाबरू नकोस, मोठं काही झालं तर गाडी खालच्या हॉस्पिटलात नेते. त्यालाही नेलं.)

पप्पांच्या पायाची जखम भरली का? खरं लिही. राग सगळा माझ्यावर काढ, पण पत्र टाक.

तुझा डॉक्टर भाऊ,
केल्विन

वटार
१७ ऑगस्ट २०२४

चि. केल्विन यास,
रोझीताईचे अनेक आशीर्वाद.

खरं लिही म्हणालास म्हणून लिहिते. जखम भरत नाही. साखर चारशेच्या घरात आहे. नालासोपाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत साखर उतरली नाही, तर अंगठ्याशेजारचं बोट कापावं लागेल.

आणि पप्पा सुई टोचून घेत नाहीत. दवाखान्याची सिस्टर घरी आली, तिने सरळ सदरा वर केला. पप्पा कोयता उचलून निघाले ते तुझ्या त्या क्रिकेटच्या टर्फवर जाऊन बसले. तिथूनच ओरडले, माझ्या चाळीस राजेळ्या कापताना मला कोणी विचारलं होतं? मी रविवारी देवळात मिस्साला गेलो, परत येतो तर सगळी केळ आडवी, आणि पोरगा म्हणतो इथे बॉक्स क्रिकेट होणार! आता बोटही तसंच कापा, मी पुन्हा मिस्साला जातो. सिस्टर पुन्हा यायला तयार नाही. पप्पांचं चुकलं असं मला म्हणवत नाही रे.

तुझ्या टर्फचं विचारशील, तर अर्धंच अंथरलेलं तसंच पडलंय. शेजारच्या डेल्फिन काकूच्या बकऱ्या रोज येऊन त्या हिरव्या प्लास्टिकला तोंड लावतात आणि रोज फसतात. तुझ्यानंतर एवढा आशावादी प्राणी मी पाहिला नाही.

सिस्टरने मला टोचायला शिकवलं आहे, पण पप्पांचा चेहरा बघितला की पुढचं विसरते. तुझ्या व्हिडिओत असेल तर सगळं ओळीने कागदावर उतरवून पाठव. हातात कागद असला की मला धीर येतो. तब्येत सांभाळ. माया आहे म्हणूनच रागावते.

तुझी,
रोझीताई

बोगद्याचा कॅम्प
२८ ऑगस्ट २०२४

ती. रोझीताईस,
सप्रेम जय ख्रिस्त. वि. वि.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. पहिल्याच ट्रकने निघावं असं वाटलं. पण ही माझी नववी नोकरी. पळून आलो तर पप्पा म्हणतील, हा फक्त पळायलाच शिकला. खरंच आहे ना ते.

चंद्रहास आणि मी व्हिडिओ क्रमांक एकवीस चौदा वेळा पाहिला. सोबतच्या कागदावर सगळं ओळीने लिहिलंय, गुणांसकट. औषध किती ते डॉक्टरांचंच ऐकायचं, तिथे माझी अक्कल चालवू नकोस. एक बघ, पहिल्या पाच पायऱ्यांत सुई येतच नाही! आधी हिरव्या केळ्यावर सराव कर, साध्या पाण्याने. केळ्यालाही नाव विचार. हसू येईल, पण सवय लागते.

इथली गंमत सांगतो. आता सगळे जन्मतारखेची चिठ्ठी खिशात ठेवून येतात. ज्यांना माहीत नाही त्यांना मी एक जानेवारी वाटली. कॅम्पात एकशे बारा जणांचा वाढदिवस एकाच दिवशी, आचारी आत्ताच धास्तावलाय! आणि क्रेनवाला म्हातारा रोज येतो. दुखत काहीच नाही. नाव सांगतो, तारीख सांगतो, मी चालेल का विचारलं की हो म्हणतो, मग पांघरूण घेऊन पाच मिनिटं पडतो आणि जातो. चंद्रहासने त्याला विचारलं, काय मिळतं रे? तो म्हणाला, तीस वर्षं कामावर आहे, चालेल का असं अजून कोणी विचारलं नव्हतं.

ताई, त्या दिवसापासून मला पप्पांच्या कापलेल्या केळी आठवतात.

पप्पांना माझं नाव सांगू नकोस, फक्त कागद वाच. तुझी माया पातळ करू नकोस, इथे तेवढीच पुरवतोय.

केल्विन

वटार
१४ सप्टेंबर २०२४

चि. केल्विन यास,
अनेक आशीर्वाद. डोकं ठिकाणावर आण आणि मग वाच.

तुझ्या सल्ल्याने मी स्वयंपाकघरातल्या घडावर सराव सुरू केला. डेल्फिन काकूला कळलं, मग आळीतल्या सगळ्याच जमल्या. तीन दिवस आमच्याकडे केळ्यांचा दवाखाना! प्रत्येकीने नाव विचारून टोचलं. सणाच्या सकाळी मी घाईत होते, काकूने तोच घड उचलून देवळात अर्पणाला नेला. मिस्सा झाल्यावर लिलावात तो सगळ्यांत वर गेला, आणि घेतला आमच्या फादरांनीच. केळी पिकली तशी काळ्या ठिपक्यांची निघाली, चावली की पाणी. परवाच्या प्रवचनात फादर म्हणाले, वटारच्या केळीवर नवा रोग आला आहे, प्रार्थना करा. कृषी खात्याचा माणूस नमुने घेऊन गेला. आम्ही साऱ्याजणी माना खाली घालून आमेन म्हणालो.

आता पप्पांचं. मी हात धुतले, कागद धरला आणि म्हटलं, माझं नाव रोझी, तुमचं पूर्ण नाव सांगा. पप्पा म्हणाले, तुला भ्रम झाला का? मी म्हटलं, याशिवाय पुढे जाता येत नाही. ते इतके चक्रावले की सांगून बसले. जन्मतारखेला मात्र अडले. म्हणाले, आधारवरची एक जानेवारी मास्तरांनी टाकलेली आहे, ती खोटी. खरी कळेपर्यंत सुई लावायची नाही! डेल्फिन काकूने त्यांना स्कूटरवर बसवून देवळात नेलं, बाप्तिस्म्याचं रजिस्टर काढलं. एकोणीस नोव्हेंबर १९५६. जवळजवळ तीन वर्षांनी लहान निघाले! जन्मभर काकूला धाकटी म्हणून कामं सांगितली, ती दोन महिन्यांनी मोठी. आता काकू त्यांना ए पोरा म्हणते.

घरी आले, बसले. मी विचारलं, पोटाला टोचणार आहे, थोडं दुखेल, चालेल का? पप्पा म्हणाले, हां, असं विचारायचं असतं. आणि सदरा स्वतःच वर केला.

आता रोज दोन वेळा हा सगळा सोहळा असतो. काल मी हात धुवायला विसरले तर त्यांनी एक गुण कापला. तुझा कागद उशीखाली ठेवतात. अक्षर कोणाचं ते विचारलं नाही, पण त्यांनी ओळखलंय. बोटाचा निकाल पाच ऑक्टोबरला. प्रार्थना कर, आणि आता त्यांना तूच लिही.

रोझीताई

बोगद्याचा कॅम्प
२५ सप्टेंबर २०२४

ती. पप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

हात धुऊन लिहायला बसलो आहे.

माझं नाव केल्विन पीटर तुस्कानो. तुमचं नाव पीटर सांतान तुस्कानो, जन्म एकोणीस नोव्हेंबर एकोणीसशे छप्पन. बरोबर आहे ना? आज मी तुमची माफी मागणार आहे. थोडं दुखेल. चालेल का?

तुम्ही हो म्हणालात असं धरत नाही. नको असेल तर पत्र इथेच घडी करा, मी समजेन.

पुढे वाचत असाल तर ऐका. त्या रविवारी मी मिस्साची घंटा होईपर्यंत मुद्दाम थांबलो होतो. विचारलं तर तुम्ही नाही म्हणाल हे ठाऊक होतं, म्हणून विचारलंच नाही. ती झाडं तुम्ही आई असताना तिच्या हाताने लावून घेतली होती, हेही ठाऊक होतं. विसरलो नव्हतो, आणि तेच मला सर्वांत जास्त टोचतं. चूक माझी. क्रिकेटची नाही, टर्फवाल्याची नाही.

बोट राहो, पप्पा. आणि गेलं तरी कोणी न विचारता नेऊ नये.

ऐकून घेतल्याबद्दल आभारी आहे. लोभ ठेवा असं म्हणायचा हक्क नाही, तरी म्हणतो.

आपला मुलगा,
केल्विन

वटार
१२ ऑक्टोबर २०२४

चि. केल्विन यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. रोझीने वाचून दाखवते म्हटलं, मी दिलं नाही. चार वेळा वाचलं.

पाच तारखेला डॉक्टरांकडे गेलो. साखर एकशे साठ. जखमेला लाल मांस आलं आहे, बोट राहिलं. डॉक्टर पायाला हात लावायला वाकले तेव्हा मी त्यांना थांबवलं आणि त्यांचं नाव विचारलं. बाहेर रांगेतल्या लोकांनाही शिकवून आलो. आता दवाखान्यात माझ्याबद्दल मत चांगलं नाही.

तुझी तपासणी केली. हात धुतलेस, एक. नाव-तारीख बरोबर, दोन. संमती विचारलीस, दोन. काम जमलं, एक. पांघरूण घालायला विसरलास, त्याचे दोन गेले. ते इथे येऊन घाल, डिसेंबरात थंडी पडते.

संमती आहे. दुखलं. थोडं नाही, बरंच.

आता माझं. माझं नाव पीटर सांतान तुस्कानो. तुझं नाव केल्विन, जन्म सात मे अठ्ठ्याण्णव, हे मला रजिस्टर न बघता ठाऊक आहे. डेल्फिन, म्हणजे आमची मोठी बाय, तिने राजेळीचे चाळीस कंद आणून दिले आहेत. तुझं टर्फ दीड वर्षात मी हलवलेलं नाही. ते गुंडाळून तिथे केळ लावायची आहे. थोडं दुखेल. चालेल का?

उत्तर पहिल्या ट्रकने पाठव. मी हात धुऊन बसलो आहे.

तुझा,
पप्पा