भरलेली किटली

प्रिय ताई,

संध्याकाळी किटली न्यायला येशील तेव्हा ती फाटकाला भरलेलीच लटकत असेल. इतके दिवस तुझं दूध मी गुपचूप शेजारी देत होते. आज तापवून पुन्हा किटलीत ओतलंय आणि कडीला हे पत्र बांधलंय. आधी वाच, मग हवं तेवढं रागाव. तू फोन उचलत नाहीस, सकाळी दुधाची किटली फाटकाला अडकवून बेल न वाजवताच निघून जातेस; मग मी बोलायचं तरी कसं?

आपली भिंगरी तुझ्या स्वयंपाकघरात टाचा उचलून, पायात पाय अडकवून, टेबलाचा पाय धरून डुलायची, आठवतं? गाल लालबुंद. तू टाळ्या वाजवायचीस, ‘आली गं माझी नाचरी!’ म्हणायचीस, मीही हसायचे. लेकीला शी होईना म्हणून दाखवायला नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ही कधी टाचा उचलून ताठ उभी राहते का? मी कौतुकाने म्हटलं, अहो, नाचते ती! त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ती शी रोखून धरते. एकदा कडक होऊन दुखलं की पोर पुन्हा बसायलाच घाबरते. ताई, आपण तिच्या कळांना टाळ्या वाजवत होतो गं.

तुझ्या दुधात खोट आहे असं कुणीच म्हटलं नाही. सगळ्या मुलांना ते बाधतं असंही नाही. पण काहींना गाईच्या दुधाने असं होतं, आणि ही तर दुधावरच पोट भरते, जेवायला जागाच उरत नाही. औषध चालू ठेवून काही आठवडे दूध-दही थांबवू, मग पुन्हा देऊन बघू, एवढंच त्या म्हणाल्या. तुला मात्र वाटलं, मी तुझ्या गोठ्यालाच नावं ठेवली. ‘माझ्याच दुधावर वाढली, आता तेच बाधायला लागलं होय?’ हे तू फोनवर म्हणालीस ते अजून टोचतं, कारण त्यातलं पहिलं अर्धं खरं आहे. मी अंथरुणाला खिळले होते तेव्हा तिला तूच वाढवलंस.

दूध थांबल्यावर ती सुधारली होती. जेवायला लागली, संडासात बसून मोठ्याने गाणी म्हणायला लागली. आणि या आठवड्यात पुन्हा टाचा वर. खोदून खोदून विचारलं तरी एकच उत्तर, ‘नाही दुखत.’

आज सकाळी ती मला फाटकाशी सापडली. किटलीला तोंड लावलेलं, फ्रॉकवर दुधाचे ओघळ. माझा हात उठला होता, ताई. तिने डोळे गच्च मिटले आणि म्हणाली, ‘मी प्यायले नाही तर मावशी यायचीच नाही.’

आपलं फोनवरचं भांडण तिने ऐकलं होतं. दुखणं लपवून ती तुला धरून ठेवतेय. मी कितीही समजावलं तरी तिला पटायचं नाही. ते तुलाच दाखवावं लागेल. उद्या सकाळी ये. बेल वाजव. आणि रिकाम्या हाताने ये.

वाट बघणारी,
तुझीच धाकटी